शाळा, प्रवेश, पट आणि आरटीई: सातारा-सांगलीच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माण तालुक्यातल्या एका छोट्या झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. फॉर्मचे दिवस आले की फोन सुरू होतात, लग्नाकार्यातसुद्धा लोक बाजूला घेऊन विचारतात, आरटीईचं (शिक्षण हक्क कायद्यातल्या प्रवेशाचं) काय झालं, आपली शाळा बंद होणार का, दाखला देत नाहीत तर काय करू. प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून काढलीत. कायदा सगळ्यांना सारखा आहे, पण तो पदरात पाडून घ्यायला जो वेळ लागतो, कागद लागतात, रोज बुडवून तालुक्याला ज्या फेऱ्या माराव्या लागतात ते काही सगळ्यांना सारखं परवडत नाही, आणि माझ्या मते आपल्याकडच्या शिक्षणातला मोठा अन्याय तिथेच होतो. म्हणून नुसता नियम न सांगता त्याचं करायचं काय तेपण जमेल तिथे लिहिलंय.

प्रश्न: शिक्षणाचा हक्क म्हणतात तो नक्की कुणाला आणि कुठपर्यंत?

६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला, म्हणजे पहिली ते आठवी. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली, त्यात कलम २१-अ आलं, मग २००९ चा कायदा आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू. यातला "सक्तीचं" हा शब्द लोक चुकीचा घेतात, त्यांना वाटतं पोरगं शाळेत नाही घातलं तर आपल्याला दंड होईल. कायद्यात सक्ती आहे ती सरकारवर, की मुलाला शाळेत दाखल करून घ्या, ते येतंय का बघा, आणि त्याचं आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण करा. आपल्या राज्यात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी असा नियम आहे. तेवढ्यात शाळा नसेल तर जाण्यायेण्याची सोय करायची जबाबदारी पण सरकारचीच.

एक मोठी फट मात्र आहे. सहाच्या आधी अंगणवाडी आणि चौदाच्या पुढे नववी-दहावी, ही दोन्ही टोकं या हक्काच्या बाहेर राहिलीत. आणि गळती नेमकी तिथेच होते, आठवी झाली की पोरगी घरी आणि पोरगा सोनं-चांदी गाळायच्या गलाई दुकानात नाहीतर ट्रॅक्टरवर.

प्रश्न: जन्मदाखला नाही, आधार नाही, जुन्या शाळेचा दाखला नाही. शाळा म्हणते प्रवेश देता येत नाही. खरं आहे का?

नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४) आणि दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही (कलम ५). आधी पोरगं वर्गात बसवायचं, कागद नंतर गोळा करायचे. मूल कधीच शाळेत गेलं नसेल आणि दहा वर्षांचं असेल तर त्याला पहिलीत बसवायचं नाही, वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागचं भरून काढायला वेगळं शिकवायचं, हेपण कायद्यातच आहे. कुणी तोंडी नाही म्हणालं तर "हे मला लिहून द्या" एवढंच शांतपणे म्हणा, बऱ्याचदा तिथेच काम होतं.

आधारची गोष्ट थोडी वेगळी आहे, ती पुढे पटाच्या प्रश्नात येते, ती जरूर वाचा.

प्रश्न: आरटीईचे २५ टक्के म्हणजे काय? आम्ही बसतो का त्यात?

खाजगी विनाअनुदानित शाळांनी (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा सोडून) सुरुवातीच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या असतात. वंचित घटकात एससी, एसटी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती), ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), दिव्यांग मुलं, अनाथ मुलं वगैरे येतात आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटक म्हणजे बाकीच्या समाजातले, ज्यांचं कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत आहे. हा एक लाखाचा आकडा फार जुना झाला असं माझं स्पष्ट मत आहे, रोजंदारीवर नवरा-बायको दोघं जात असतील तरी आता तो ओलांडला जातो.

फॉर्म ऑनलाइन आणि फुकट असतो, दहापर्यंत शाळा निवडता येतात, आणि नंबर राज्य पातळीवरच्या लॉटरीत लागतो. एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी, मग एक ते तीन, मग त्याच्या पुढचे. त्यामुळे फॉर्ममधल्या नकाशावर घराचं ठिकाण नीट टाकणं सगळ्यात महत्त्वाचं. गावाकडे यातच घोळ होतो, कॅफेवाला घाईत गावाच्या नावावर क्लिक करतो आणि खूण जाऊन बसते एसटी स्टँडवर, तुमची वस्ती असते दोन किलोमीटर आत रानात. नंतर कागद तपासताना पत्ता जुळला नाही की प्रवेश रद्द. फॉर्म भरताना स्वतः शेजारी बसा, नकाशा मोठा करून आपलं घर, विहीर, देऊळ बघून मगच खूण ठेवू द्या. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदणीकृत लागतो आणि तो फॉर्म भरायच्या आधीच्या तारखेचा हवा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून डिसेंबरातच काढून ठेवा, जानेवारी-फेब्रुवारीत तिथे उभं राहायला जागा नसते.

प्रश्न: नंबर लागला म्हणजे सगळं फुकट?

फी घेता येत नाही. पण खरं सांगायचं तर ड्रेस, बूट, स्कूलबस, स्नेहसंमेलन या नावांखाली पैसे मागितले जातात आणि शासनाची प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही म्हणून शाळाही कुरकुर करतात (ती बरीच वर्षं विद्यार्थ्यामागे वर्षाला १७ हजार ६७० रुपये होती, कोरोनात ८ हजारांवर आणली होती). भांडण शाळा आणि शासनाचं, आणि मधे पोराला ऐकावं लागतं. पैसे मागितले तर पावती मागा, कशाचे ते लिहून घ्या.

आणि ही गोष्ट कुणी आधी सांगत नाही: ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीला त्याच शाळेत राहायचं तर पूर्ण फी भरावी लागते. आठ वर्षं इंग्रजी माध्यमात शिकलेलं पोरगं नववीला मराठी हायस्कूलला आणायचं म्हणजे त्याचा जीव किती कोंडतो ते आमच्याकडे बघितलंय. फॉर्म भरतानाच नववी-दहावीचा विचार करा.

प्रश्न: जवळ सरकारी शाळा असेल तर खाजगीत आरटीई मिळणार नाही असं ऐकलं होतं?

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने तशी अधिसूचना काढली होती, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. झेडपीची शाळा गावोगाव आहे, म्हणजे जवळपास सगळ्याच खाजगी शाळा सुटल्या असत्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला ती रद्दच केली, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. त्यामुळे जुना नियम चालू आहे. पण या सगळ्यात त्या वर्षीचे प्रवेश किती लांबले ते आठवा, जून उलटून गेला तरी पोरं घरी, आणि ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी कधीच फी भरून प्रवेश घेऊन टाकले.

प्रश्न: आमच्या वाडीच्या शाळेचा पट बारा-चौदावर आलाय. शाळा बंद होणार का?

यावर सगळ्यात जास्त फोन येतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने समूह शाळांचा विचार पुढे आणला, म्हणजे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा आणि मुलांना गाडीने ने-आण. तेव्हा राज्यात अशा १४ हजारांवर शाळा होत्या. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा (पटावरून शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवण्याचा) जीआर आला, त्यात शिक्षकांच्या पदांचे निकष बदलले आणि छोट्या शाळांची, खास करून सहावी ते आठवीच्या वर्गांची, पदंच अडचणीत आली. शाळा बंद करतोय असं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. एक शिक्षक कमी होतो, मग उरलेले गुरुजी मीटिंगला गेले की शाळेला कुलूप, मग दोन-तीन घरं पोरं काढून गावातल्या इंग्लिश मिडियमला घालतात, पट आणखी खाली, आणि पुढच्या वर्षी म्हणतात पटच नाही.

मोठ्या शाळेत जास्त मुलं, खेळाचं मैदान, विषयाला शिक्षक मिळतात हे खरंय, त्यात वाईट काही नाही. पण आपल्या भागात प्रश्न रस्त्याचा आहे. पाटण, जावली, महाबळेश्वरच्या वाड्या, नाहीतर आमच्याकडच्या लांब लांब पसरलेल्या वस्त्या, तिथे जून ते सप्टेंबर गाडी येईलच याची खात्री कुणी देणार आहे का? आणि सहा-सात वर्षांचं लेकरू रोज गाडीची वाट बघत फाट्यावर उभं राहणार, आई-बाप सकाळी रानात. गाडी चार दिवस आली नाही की शाळा सुटली ती सुटलीच, आणि पहिला नंबर मुलीचा. श्रीमंताच्या घरी दुचाकी असते, तो सोडून येतो. म्हणून शाळा लांब गेली की फरक गरिबालाच पडतो, हे मी कुठेही, कुणापुढेही सांगायला तयार आहे.

आता तुम्ही काय करू शकता. एक, संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट बघतात आणि त्यात आधार जुळलेलीच मुलं धरली जातात. म्हणजे पोरगं रोज वर्गात बसतंय पण आधारवर नाव "सार्थक" आणि शाळेत "सार्थक भाऊ" असेल किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर सरकारच्या हिशोबात ते नाहीच. एखाद्या पोरामुळे शिक्षकाचं पद जाऊ शकतं. ऑगस्टमध्येच गुरुजींकडून न जुळलेल्या मुलांची यादी घ्या आणि आधार केंद्रावर त्या आई-बापांना स्वतः घेऊन जा. दोन, शाळा हलवायची चर्चा निघाली तर ग्रामसभेत ठराव घ्या, त्यात अंतर, वाटेतला ओढा, पावसाळ्यात रस्ता किती दिवस बंद असतो, मुली किती, सगळं लिहा. नुसता "आमचा विरोध आहे" असा ठराव कोण वाचतं.

प्रश्न: एकच शिक्षक चार वर्गांना शिकवतो. शिकवणं खरंच होतं का?

शिक्षकावर आहे, आणि शिक्षकाला किती वेळ शिकवू देतात त्यावर पण आहे.

आमच्या शाळेतलं सांगते. एकच मोठी खोली, चार वर्ग. पहिलीची पोरं फळ्याखाली चिंचोके मांडून दहाचे गठ्ठे करतात, तिसरीची एक पोरगी दुसरीतल्या दोघांना वाचून दाखवते, चौथीची पोरं खिडकीपाशी गणितं सोडवतात आणि बाई फिरत असतात. बघायला गेलं तर गोंधळ, पण पाच मिनिटं थांबून बघितलं तर प्रत्येक पोराच्या हातात काहीतरी काम आहे. मग बाईंचा फोन वाजतो. अमुक लिंक दुपारी दोनच्या आत भरा. आधार अपडेटची माहिती, पोषण आहाराची ऑनलाइन नोंद, कुठल्यातरी उपक्रमाचे फोटो अपलोड. रेंज फक्त बाहेरच्या पारापाशी येते, म्हणून बाई फोन घेऊन पाराकडे, आणि आत चिंचोक्यांची फेकाफेकी. हे रोजचं आहे.

कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसरी कामं द्यायची नाहीत. शिवाय साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत. त्यामुळे तुमच्या शाळेत कायम एकच शिक्षक असेल तर ती मेहेरबानीची मागणी नाही, हक्काची आहे, तशीच लेखी मागा.

प्रश्न: मग इंग्लिश मिडियमला घालावं की झेडपीत ठेवावं?

मला विचाराल तर पाचवीपर्यंत घरच्या भाषेत. नुसत्या अभिमानापोटी म्हणत नाही, पोरगं प्रश्न विचारतं ते स्वतःच्या भाषेतच. आणि बऱ्याच छोट्या गावांतल्या इंग्लिश मिडियममध्ये शिकवणारी मुलगी स्वतः मराठी माध्यमातून शिकलेली, चार-पाच हजारांवर राबणारी असते, तिला दोष नाही पण पाटी इंग्रजी लागली म्हणून इंग्रजी येत नाही. झेडपीतलं सगळं चांगलं असंही मी म्हणणार नाही, असरचा (मुलांना वाचता-गणित करता येतं का याच्या पाहणीचा) २०२४ चा अहवाल सांगतो की देशात ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांना दुसरीचा धडा नीट वाचता येतो. म्हणून शाळा कुठलीही असो, घरी पोराला एक पान मोठ्याने वाचायला लावा. आपल्याला वाचता येत नसेल तरी ऐकलं की कळतं, अडखळतंय की सरळ जातंय.

प्रश्न: ऊसतोडीला आलेल्या लोकांची मुलं गावाबाहेर कोप्यांमध्ये राहतात. त्यांना आमच्या शाळेत घेता येतं का?

घ्यायलाच पाहिजे. कारखाने ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटले की कराड, वाळवा, पलूस, कडेगाव सगळीकडे बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात आणि आमच्या माण-जतसारख्या दुष्काळी भागातली माणसंही तोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयत्यावर नवरा-बायको दोघं हवेत, मग पोरांना ठेवणार कुणाकडे? मोठी पोरगी धाकट्याला सांभाळते, पहाटे वाढं बांधू लागते. मार्च-एप्रिलला पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, अर्ध्याहून जास्त वर्ष गेलेलं असतं.

अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. मूळ गावची शाळा ते देते, इथल्या शाळेने ते बघून लगेच वर्गात बसवायचं आणि परत जाताना इथे काय शिकलं त्याची नोंद करून द्यायची. कार्ड आणलं नसेल तरी वर लिहिलंय तसं प्रवेश नाकारता येत नाही. काही जिल्ह्यांत मूळ गावीच हंगामी वसतिगृहं चालतात, मुलं आजी-आजोबांबरोबर मागे राहतात, तो मार्ग मला जास्त बरा वाटतो कारण पोराचं वर्ष मोडत नाही. पण तिथे जेवणाचे पैसे हंगाम अर्धा सरल्यावर यायला लागले तर आई-बाप तोपर्यंत पोरांना घेऊन निघून गेलेले असतात.

आपल्याला करण्यासारखं: टोळी उतरली की आठवड्याच्या आत समितीतल्या दोघी-तिघींनी फडावर जाऊन पोरांची नावं आणायची. दिवसा जाऊन उपयोग नाही, संध्याकाळी कोपीवर चूल पेटल्यावर जा. मुकादमाशी पण बोला, पोरं शाळेत गेली तर तोड थांबत नाही हे त्याला एकदा पटलं की तो स्वतः पाठवतो. आणि दुपारचं जेवण शाळेत मिळतं हे आईला आधी सांगा. पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २० ग्रॅम असा हिशोब आहे, पण तिला एवढंच सांगा की गरम खिचडी असते.

प्रश्न: शाळा धरणाच्या पलीकडे आहे, रस्ता नाही. सरकार काही करतं का?

कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठच्या गावांचा हा प्रश्न धरण झाल्यापासूनचा आहे. जावली तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत पाणी ओलांडून आणि पुढे जंगलातून चालत शाळेला जात होत्या, ती बातमी आल्यावर जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला जाब विचारला. सगळे त्या मुलींच्या जिद्दीचं कौतुक करत होते. जिद्द आहेच, पण बारा-चौदा वर्षांच्या मुलीला शिकण्यासाठी जीव धोक्यात घालावा लागतो यात आपल्याला लाज वाटायला पाहिजे.

नियम वाकवता येतात, मनात असलं तर. आपल्याच जिल्ह्यात अतिपावसाच्या डोंगरी भागातल्या काही शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये पावसाळी सुट्टी असते आणि त्या उन्हाळ्यात भरतात. पावसासाठी वेळापत्रक बदलतं तर ऊसतोडीसाठी का नाही, हा प्रश्न मी प्रत्येक मीटिंगला विचारते.

प्रश्न: मुलींसाठी काय काय आहे?

सरकारी आणि अनुदानित शाळांत बारावीपर्यंत शिक्षण मोफत. अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास, त्यासाठी शाळेचं पत्र लागतं. पाचवी ते दहावीच्या एससी, व्हीजेएनटी, एसबीसी मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती. २०२४ च्या जुलैपासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेतल्यास व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. हे फार चांगलं झालंय, पण होस्टेल आणि मेसचा खर्च त्यात नाही, आणि खेड्यातली पोरगी तिथेच अडते.

प्राथमिकच्या गरीब घरच्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता १९९२ ला सुरू झाला. पुढे कित्येक वर्षं तो एक रुपयाच राहिला. सावित्रीबाईंचं नायगाव आपल्या खंडाळा तालुक्यातलं, दरवर्षी ३ जानेवारीला तिथे मोठमोठी भाषणं होतात, आणि मुलीच्या हजेरीची किंमत एक रुपया.

प्रश्न: जतकडे कन्नड शाळा आहेत, त्यांचं वेगळं काही आहे का?

हक्क तेच. जत तालुक्यात सीमेलगतच्या गावांत झेडपीच्याच कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथे शिक्षक नेमताना कन्नड माध्यमातलाच नेमा ही मागणी रास्त आहे, नाहीतर गुरुजींना पोरांचं कळत नाही आणि पोरांना गुरुजींचं. मराठीला घरच्या भाषेचा मान हवा म्हणतो तेव्हा कन्नड बोलणाऱ्या पोरालाही तोच मान द्यायला पाहिजे.

प्रश्न: आता नापास करतात का?

पाचवी आणि आठवीला परीक्षा आहे. नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. पण आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही.

प्रश्न: मूल दिव्यांग आहे, शाळा म्हणते खास शाळेत घाला.

निवड तुमची आहे, शाळेची नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या साध्या शाळेत किंवा खास शाळेत. फारच अवघड असेल तर घरी येऊन शिकवण्याचीही तरतूद आहे. गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांचं नाव आणि गावात यायचा वार विचारून घ्या.

प्रश्न: हुशार आहे पण पैसे नाहीत. कुठल्या परीक्षा द्याव्यात?

आठवीला एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा चुकवू नका. सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकणारं मूल आणि साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसे पण अडकतात, तेवढं बघा. शिवाय परीक्षा परिषदेच्या स्कॉलरशिप परीक्षा आहेत. सहावीच्या प्रवेशासाठी नवोदय (केंद्राची निवासी शाळा), त्यात ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ चं, आता मुलींनाही घेतात. पण या ठिकाणी मूठभर मुलं लागतात, बाकीच्यांचं भवितव्य गावातल्या शाळेवरच आहे हे विसरू नका.

प्रश्न: शिक्षक का मिळत नाहीत? डीएड झालेली पोरं तर घरी बसलीत.

भरती वर्षानुवर्षं थांबते, मग पवित्र या शिक्षक भरतीच्या पोर्टलवरून एकदम होते. लागलं तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधन, प्राथमिकला सध्या १६ हजार, आधी तर ६ हजारच होतं. शिवाय १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने नोकरीतल्या शिक्षकांनाही (निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त असलेल्यांना) दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायला सांगितलंय, त्यामुळे पन्नाशीतले गुरुजी पुन्हा अभ्यासाला बसलेत. दुर्गम शाळेत कुणी टिकत नाही, बदली पोर्टल उघडलं की निघाले. त्यांना पण लेकरंबाळं आहेत, पण मग तिथल्या लेकरांचं काय?

प्रश्न: सरकारकडे पैसाच नाही म्हणतात, मग एवढ्या शाळा कशा चालवायच्या?

देशाच्या उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा असं कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं. २०२० च्या धोरणानेही तोच सहाचा आकडा परत लिहिला. एवढ्या वर्षांत आपण तिथे पोहोचलोच नाही.

आणि गरिबीचं कारण सातारा जिल्ह्यात तरी कुणी सांगू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र राहण्या-जेवण्याचं वसतिगृह उभं केलं आणि ते चालवायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. जिथे शाळा नव्हती त्या खेड्यांत त्यांनी व्हॉलंटरी शाळा काढल्या, एक शिक्षक, मिळेल ती जागा, देवळात नाहीतर धर्मशाळेत. शाळा मुलाच्या दारात गेली पाहिजे हा विचार तिथला आहे. १९०० च्या ७ नोव्हेंबरला साताऱ्याच्या सरकारी शाळेत लहान भीमरावांचं नाव घातलं गेलं, तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन आहे. गावात सरकारी शाळा असणं याचा अर्थ काय होतो ते याहून वेगळं काय सांगू.

प्रश्न: शाळा व्यवस्थापन समितीला खरंच काही अधिकार असतात का, की नुसत्या सह्या?

अधिकार आहेत, वापरले तर. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात, अध्यक्ष पालकांमधला, मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा आणि शाळेला आलेल्या अनुदानाचा खर्च समितीने बघायचा. गणवेशाचं उदाहरण घ्या, २०२४-२५ मध्ये सगळ्या राज्याला एकाच ठिकाणाहून कापड द्यायचं ठरवलं, कित्येक मुलांना दिवाळी झाली तरी ड्रेस नाही, आले ते मापाचे नाहीत, शेवटी निर्णय फिरवून गणवेश परत समित्यांकडेच दिला. गावातल्या शिंप्याला पोराचं माप माहीत असतं.

पण बऱ्याच गावांत समिती म्हणजे पुढाऱ्याच्या ओळखीची नावं आणि घरी आणून दिलेलं सह्यांचं रजिस्टर. बायकांची नावं असतात, मीटिंगला नवरे येतात. हे बदलायचं तर मीटिंगची वेळ बदला. सकाळी अकराला रोजावर गेलेली बाई कशी येणार? आम्ही संध्याकाळी सातला घेतो, त्यापासून बायका येतात आणि बोलतात, आणि खिचडीतली डाळ पातळ का इथपासून संडासाला पाणी का नाही इथपर्यंत सगळं निघतं. पाळी आलेली मुलगी पाण्याअभावी चार दिवस घरी बसते, ते कुठल्याच आराखड्यात लिहिलेलं नसतं, एका आईने मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा आम्ही टाकीचा विषय वर घेतला.

प्रश्न: तक्रार कुणाकडे करायची?

आधी मुख्याध्यापक आणि समिती, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक. कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. तोंडी सांगून घरी येऊ नका. साध्या कागदावर लिहा, दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका (दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही फुकट), प्रश्न एवढाच, की अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर काय कारवाई झाली. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. लिहिता येत नसेल तर गावातल्या कॉलेजच्या पोरापोरींकडून लिहून घ्या, आमच्याकडे दोघी जणी हे काम करतात. अर्जात शाळेचा युडायस नंबर (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) जरूर टाका, तो शाळेच्या दर्शनी फलकावर असतो, नसेल तर गुरुजींना विचारा.